ओंबील मुंगीची ओळख आणि तिचे पर्णगृह

कोकणातील आंब्याच्या किंवा काजूच्या बागेत वावरलेल्या माणसास ओंबील मुंगीची ओळख करून द्यावी लागत नाही. फांदीला हात लागताच तांबूस रंगाच्या या मुंग्या झपाट्याने अंगावर चढतात, कडकडून चावा घेतात, आणि मग झाडावर चढलेल्या माणसास खाली उतरण्यावाचून गत्यंतर राहत नाही. या मुंगीस काही भागांत उंबील असेही म्हणतात. जिवंत पाने एकमेकांस जोडून तयार केलेली तिची हिरवी, वाटोळी घरटी झाडाच्या शेंड्याकडे लोंबताना दिसतात. इतक्या परिचित प्राण्याविषयी विभागाच्या पत्रिकेत लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

प्रयोजन असे की, परिचय आणि अभिज्ञान या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्षेत्रकार्याच्या टिपणवहीत 'झाडावरील लाल मुंगी' एवढीच नोंद असेल तर तिचा शास्त्रीय उपयोग जवळजवळ शून्य होय. आपल्या अरण्यांत व बागांत लाल किंवा पिवळसर मुंग्यांच्या अनेक जाती झाडावर आढळतात, पाने जोडून राहणाऱ्या मुंग्याही एकाहून अधिक आहेत, आणि मुंगीचे हुबेहूब सोंग घेणारे कोळीसुद्धा त्याच फांदीवर फिरत असतात. केवळ रंगावरून अथवा केवळ घरट्यावरून जाती ठरविली तर चूक होण्याचा संभव मोठा असतो. त्या चुकीचे परिणाम केवळ संग्रहालयातील चिठ्ठीपुरते मर्यादित राहत नाहीत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल. प्रस्तुत लेखात 'जाती' हा शब्द वर्गीकरणातील मूळ घटकासाठी व 'प्रजाती' हा शब्द त्याच्या वरच्या गटासाठी योजिला आहे.

१. नाव व वर्गीकरणातील स्थान

ओंबील मुंगीचे शास्त्रीय नाव ईकोफिला स्मॅराग्डिना असे आहे. फाब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये फॉर्मिका स्मॅराग्डिना या नावाने तिचे प्रथम वर्णन केले. पुढे १८६० मध्ये फ्रेडरिक स्मिथ याने ईकोफिला ही स्वतंत्र प्रजाती स्थापिली. 'घर' व 'पान' या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले असून त्यातच मुंगीचा मुख्य स्वभावविशेष आला आहे. 'स्मॅराग्डिना' याचा अर्थ पाचूसारखी. तांबूस मुंगीस हे विशेषण का, असे भारतीय अभ्यासकास वाटते. परंतु या जातीची राणी हिरवट रंगाची असते, आणि ऑस्ट्रेलियातील कामकरी मुंग्यांचे उदरही हिरवे असते. जातीच्या नावात दडलेला रंग सर्व देशांत व सर्व वर्गांत सारखा आढळत नाही, ही पहिलीच सूचना ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

फॉर्मिसिडी कुलातील फॉर्मिसिनी या उपकुलात ईकोफिलाचा समावेश होतो. या उपकुलातील मुंग्यांस नांगी नसते. उदराच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म वर्तुळाकार छिद्रातून त्या फॉर्मिक अम्लाचा फवारा सोडतात. ओंबील चावते तेव्हा होणारी आग ही दंशाची नव्हे. जंभांनी केलेल्या जखमेवर अम्ल पडल्यामुळे ती होते. आज या प्रजातीच्या दोनच जाती हयात आहेत. ईकोफिला स्मॅराग्डिना ही भारत व श्रीलंकेपासून आग्नेय आशिया, न्यू गिनी व उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली आहे, तर ईकोफिला लाँजिनोडा ही उष्ण आफ्रिकेत आढळते. जीवाश्मरूपाने मात्र या प्रजातीच्या बऱ्याच जाती उपलब्ध झाल्या असून त्यांतील काही युरोपातील इओसीन कालखंडाच्या थरांतील आहेत. आज दोन जातींपुरता उरलेला हा वंश एके काळी बराच विस्तृत होता.

२. प्रत्यक्ष ओळख

कामकरी मुंग्यांचे दोन स्पष्ट वर्ग असतात. मोठी कामकरी सुमारे ८ ते १० मिलिमीटर लांब असते. लहान कामकरी तिच्या जवळजवळ निम्मी असते. मधल्या आकाराच्या मुंग्या फारच विरळा. नमुन्यातील मुंग्यांची मापे घेऊन आलेख काढल्यास त्यात दोन वेगळी शिखरे दिसतात. घरट्याबाहेर दिसणाऱ्या, अन्न शोधणाऱ्या, पाने ओढणाऱ्या व हल्ला करणाऱ्या मुंग्या मोठ्या वर्गातील होत. लहान कामकरी प्रायः घरट्यातच राहून अंडी व लहान अळ्या यांची निगा राखतात. यामुळे फांदीवरून चार मुंग्या उचलून आणणाऱ्या विद्यार्थ्यास या जातीची अर्धीच ओळख होते.

भिंगाखाली पुढील लक्षणे तपासावीत. शृंगिका १२ खंडांची असते. जंभ लांब व त्रिकोणी असून त्यांवर १० किंवा अधिक दात असतात, आणि अग्रदंत विशेष लांब व वाकडा असतो. जंभाखालील स्पर्शकांच्या पहिल्या जोडीत ५ व दुसऱ्या जोडीत ४ खंड असतात. फॉर्मिसिनी उपकुलातील पुष्कळ प्रजातींमध्ये हे प्रमाण ६ व ४ असे असल्याने हे लक्षण विशेष महत्त्वाचे ठरते. कामकरी मुंगीत सरल नेत्र नसतात, संयुक्त नेत्र मात्र मोठे असतात. वक्षाचा मध्यभाग आवळल्यासारखा अरुंद असतो. वक्ष व उदर यांना सांधणारा वृंत एकखंडी, लांबट व सखल असतो. त्यावर उभा खवला किंवा उंच गाठ नसते. पायांच्या टोकांवरील चिकट गाद्या मोठ्या असल्याने गुळगुळीत पानावरही मुंगीचा पाय सुटत नाही.

जिवंत मुंगीचे एक लक्षण नमुन्यात सापडत नाही. चिडलेली ओंबील उदर वर उचलून वक्षावर आणते आणि जंभ उघडून उभी राहते. सखल वृंतामुळेच ही हालचाल शक्य होते. शरीररचना व स्वभाव यांचा असा मेळ जेथे दिसतो तेथे टिपणवहीत तो अवश्य लिहून ठेवावा. कारण कुपीतील मुंगी ते पुन्हा सांगणार नाही.

राणी २० मिलिमीटरांहून अधिक लांब, भरदार व हिरवट असते. नर लहान, काळसर व पंखयुक्त असतो. पावसाळ्यात विवाहोड्डाणाच्या सुमारास पंख असलेल्या राण्या दिव्याजवळ येऊन पडतात. घरट्याशी संबंध तुटल्यामुळे त्या भलत्याच मुंगीच्या म्हणून नोंदल्या जाण्याचा संभव असतो.

३. सदृश कीटक

ज्या कीटकांशी ओंबिलीची गल्लत होते त्यांत प्रथम उल्लेख करावा लागेल तो अ‍ॅनोप्लोलेपिस ग्रॅसिलिपेस या पिवळसर, लांब पायांच्या मुंगीचा. तीही बागांत व अरण्यांत विपुल आढळते, झाडांवर चढते आणि मोठ्या संख्येने वावरते. परंतु तिच्या शृंगिका ११ खंडांच्या असतात, त्यांचा पहिला खंड डोक्याच्या मानाने फारच लांब असतो, कामकरी मुंग्या सर्व एकाच आकाराच्या व सुमारे ४ ते ५ मिलिमीटरांच्या असतात, आणि घरटे बहुधा जमिनीत, दगडाखाली किंवा पालापाचोळ्यात असते. ही मुंगी पाने विणीत नाही.

या दोहोंची गल्लत घातक ठरू शकते. ओंबील बागेची राखण करते असे मानले जाते, आणि त्यास पुष्कळ आधारही आहे. उलट अ‍ॅनोप्लोलेपिस ही जगातील अत्यंत उपद्रवी आक्रमक मुंग्यांपैकी एक गणली जाते. हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर १९८९ पासून तिच्या प्रचंड वसाहती आढळू लागल्या. तिने तेथील तांबड्या खेकड्यांचा लक्षावधींनी संहार केला आणि खेकडे नाहीसे झालेल्या ठिकाणी अरण्याच्या तळाचे स्वरूपच पालटले. शृंगिकेचा एक खंड मोजण्याचा आळस केल्याने मित्र व शत्रू एकाच नावाखाली जमा झाले, तर त्या नोंदींवरून काढलेला कोणताही निष्कर्ष विश्वसनीय राहणार नाही.

दुसरी प्रजाती कॅम्पोनोटस. हीही फॉर्मिसिनी उपकुलातील असून तिच्याही शृंगिका १२ खंडांच्या असतात. परंतु तिच्या जंभांवरील दात कमी असतात, वृंतावर उभा खवला असतो आणि मोठ्या कामकरींचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे दिसते. तिसरी प्रजाती पॉलिरॅकिस. हिच्यातील काही जाती पाने व रेशीम यांचे घरटे करतात, म्हणून घरट्यावरून फसगत होते. मात्र तिच्या वक्षावर किंवा वृंतावर काटे असतात, ते साध्या भिंगातूनही दिसतात. चौथी प्रजाती क्रिमॅटोगॅस्टर. सह्याद्रीच्या झाडांवर पागोड्याप्रमाणे थरांचे, काळपट कागदी घरटे दिसते ते हिचे. ते चघळलेल्या वनस्पतिद्रव्याचे असते, जिवंत पानांचे नव्हे. तांबूस रंगाचा सुतार पक्षी आपली अंडी याच घरट्यात घालतो. क्रिमॅटोगॅस्टरचा वृंत दोन खंडांचा व उदर बदामाच्या आकाराचे असते.

शेवटचे सोंग कोळ्यांचे. मिरमॅप्लाटा प्लाटॅलिऑइडिस हा उड्या मारणारा कोळी व अ‍ॅमिसिया फॉर्टिसेप्स हा खेकड्यासारख्या बांध्याचा कोळी हे दोघेही रंगाने व चालीने ओंबिलीसारखे दिसतात. पहिला आपले पुढचे पाय शृंगिकांप्रमाणे वर धरतो. पाय मोजले की सोंग उघडे पडते. मुंगीस ६ व कोळ्यास ८.

४. घरटे कसे बनते या प्रश्नाचा इतिहास

ओंबिलीचे घरटे पाहताच प्रश्न पडतो तो हा की, पाने चिकटविणारे पांढरे, रेशमासारखे द्रव्य येते कोठून. प्रौढ मुंगीस रेशीमग्रंथी नसतात. १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या सफरीत जोसेफ बँक्स याने ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर ही घरटी पाहिली. असंख्य मुंग्या पाने वाकवून धरीत आहेत आणि आतील मुंग्या चिकट द्रव्य लावीत आहेत, असे त्याने नोंदविले. मुंग्यांना त्रास दिला तेव्हा पान उसळून मूळ जागी गेले, यावरून पान मुंग्यांच्या बळानेच वाकले होते याचीही त्याने खात्री करून घेतली. निरीक्षण उत्तम होते. परंतु द्रव्याचा उगम त्यास उमगला नाही.

त्यानंतर शतकाहून अधिक काळ लोटला. १८९० मध्ये सिंगापूरच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख एच. एन. रिडले यांनी या मुंग्या आपल्याच अळ्या जंभांत धरून त्यांच्याकडून धागा काढून घेतात, असे लिहिले. पुढे श्रीलंकेतील निरीक्षणांतून त्यास पुष्टी मिळाली, आणि १९०५ मध्ये फ्रांत्स डोफ्लाइन या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने तेथील प्रत्यक्ष निरीक्षणांवरून या क्रियेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले.

या इतिहासात आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष बोधप्रद आहे. रिडले यांच्या लेखात या मुंगीचा उल्लेख 'करिंगा' या मलय नावाने व फॉर्मिका ग्रॅसिलिपेस या शास्त्रीय नावाने केलेला आहे. 'ग्रॅसिलिपेस' हे जातिनाम आज वर वर्णिलेल्या पिवळसर आक्रमक मुंगीस लावले जाते. आजच्या विद्यार्थ्याने केवळ नावावरून जुने वाङ्मय चाळले तर विणकामाचा हा महत्त्वाचा शोध तो भलत्याच मुंगीच्या खात्यावर जमा करील, किंवा तो लेख आपल्या कामाचा नाही म्हणून बाजूस ठेवील. येथे लेखकाचे वर्णन व स्थानिक नाव यांनीच खरी ओळख पटते. जुन्या नोंदी वाचताना नावापेक्षा वर्णनास अधिक मान द्यावा, आणि स्वतः नोंद करताना पुढील वाचकासाठी वर्णन व नमुना दोन्ही मागे ठेवावीत, हाच यातील धडा होय.

५. विणकामाची क्रिया

घरटे बांधण्याच्या क्रियेचे दोन भाग पडतात. पहिला पाने जवळ आणण्याचा. आरंभी कित्येक मुंग्या पानांच्या कडांना निरनिराळ्या ठिकाणी धरून स्वतंत्रपणे ओढीत असतात. त्यात कोणतीही पूर्वनियोजित आज्ञा दिसत नाही. जेथे पान थोडेसे वळते तेथे आसपासच्या मुंग्या येऊन मिळतात, आणि थोड्याच वेळात एका रांगेत उभ्या राहून त्या एका दिशेने ओढू लागतात. दोन पानांतील अंतर मुंगीच्या लांबीपेक्षा अधिक असेल तर साखळी तयार होते. एक मुंगी पानाची कड धरते, दुसरी तिची कंबर म्हणजे वृंत जंभांत धरते, तिसरी दुसरीची. अशा अनेक साखळ्या शेजारी शेजारी ओढू लागल्या म्हणजे जाड पानही वाकते. येथे सखल, लांबट वृंताचा आणखी एक उपयोग दिसतो.

दुसरा भाग विणण्याचा. पाने जागेवर धरली गेली की काही मोठ्या कामकरी जुन्या घरट्यातून अंतिम अवस्थेतील अळ्या घेऊन येतात. बर्ट हॉलडॉब्लर व एडवर्ड विल्सन यांनी १९७० नंतरच्या दशकात चित्रफितींच्या साहाय्याने या क्रियेचे सूक्ष्म पृथक्करण केले. कामकरी अळीला जंभांत धरून पानाच्या कडेशी येते, आपल्या शृंगिकांची टोके पानावर टेकवून कड चाचपते, मग अळीचे डोके पानास लावते. अळी त्या क्षणी धाग्याचे टोक पानाला चिकटविते. नंतर मुंगी अळीस समोरच्या पानाकडे नेते, तेथे पुन्हा तिचे डोके टेकविते, आणि असे येरझारे होत होत दोन पानांमध्ये पांढरे पटल तयार होते. आपल्याकडील विणकराच्या धोट्याची उपमा येथे अगदी सार्थ ठरते. फरक एवढाच की हा धोटा जिवंत आहे आणि धागा त्याच्याच पोटातून निघतो.

अळीचे वर्तन विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. स्वतःभोवती कोश विणणारी सामान्य अळी डोके सारखे इकडे तिकडे हलविते. ओंबिलीची अळी मात्र कामकरीच्या जंभांत जवळजवळ ताठ राहते. हालचालीचे काम तिने कामकरीवर सोपविले आहे. तिच्या रेशीमग्रंथी शरीराच्या मानाने मोठ्या असतात, परंतु त्यांतील सर्व रेशीम वसाहतीच्या घरास लागते. परिणामी ओंबिलीचा कोश उघडाच असतो, त्याभोवती रेशमाचे आवरण नसते. १९८० मध्ये विल्सन व हॉलडॉब्लर यांनी दाखविले की नर अळ्याही या कामास रेशीम पुरवितात. मुंग्यांच्या समाजात नर प्रौढावस्थेत कामकाजात भाग घेत नसल्याने ही गोष्ट लक्षणीय मानली गेली.

ही उघड्या कोशाची खूण जीवाश्मांतही उपयोगी पडली आहे. केनियातील व्हिक्टोरिया सरोवरातील म्फांगानो बेटावर मायोसीन कालखंडाच्या थरात ईकोफिलाच्या एका वसाहतीचे अवशेष मिळाले. १९६४ मध्ये विल्सन व टेलर यांनी त्यांचे वर्णन ईकोफिला लीकीआय या नावाने केले. त्यांत कामकरींचे दोन वर्ग ओळखू येतात, आणि कोशही उघडेच आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीही या प्रजातीचा संसार बहुधा आजच्यासारखाच चालत असावा, असे अनुमान त्यावरून करता येते.

६. विणकामाचा उगम

इतकी गुंतागुंतीची क्रिया एकाएकी उत्पन्न झाली असेल असे मानणे कठीण आहे. सुदैवाने अन्य मुंग्यांत तिच्या पायऱ्या आढळतात. दक्षिण अमेरिकेतील कॅम्पोनोटसच्या काही जातींत अळ्या घरट्याच्या भिंतीवर रेशीम सोडतात, पण कामकरी त्यांना धोट्याप्रमाणे हलवीत नाहीत. अळीच बहुतेक हालचाल करते. पॉलिरॅकिसच्या काही जातींत कामकरी अळीस धरून काही प्रमाणात फिरवितात. ईकोफिलामध्ये अळीची हालचाल जवळजवळ संपली असून कामकरीची हालचाल पूर्णत्वास गेली आहे. या तिन्ही पायऱ्या एकाच वंशपरंपरेच्या नव्हेत, हे मात्र विसरू नये. निरनिराळ्या प्रजातींत विणकाम स्वतंत्रपणे उद्भवले आहे. म्हणून पायऱ्या या शक्यतेचे दिग्दर्शन करतात, पूर्वजांची यादी देत नाहीत.

७. एक वसाहत, अनेक घरटी

एका घरट्यास एक वसाहत समजणे ही नवशिक्या अभ्यासकाची नेहमीची चूक होय. ओंबिलीची एक वसाहत अनेक घरट्यांत, आणि पुष्कळदा अनेक झाडांवर पसरलेली असते. मोठ्या वसाहतीत घरट्यांची संख्या शंभराहून अधिक व कामकरींची संख्या काही लाखांपर्यंत जाते. राणी सामान्यतः एकच असते व ती यांपैकी एकाच घरट्यात राहते. तिची अंडी व लहान अळ्या इतर घरट्यांत वाहून नेल्या जातात. पाने वाळली की घरटे टाकून दिले जाते व नवे बांधले जाते. म्हणून घरट्यांची संख्या ऋतुमानाप्रमाणे पालटते.

सर्व घरट्यांचे कार्यही एक नसते. काहींत अळ्या व कोश वाढतात. काही लहान रेशमी मांडव असतात, त्यांखाली मधुरस देणारे मावा, खवले कीड यांसारखे कीटक राखलेले असतात. प्रदेशाच्या सीमेवरील काही घरट्यांत केवळ वयस्क मोठ्या कामकरी राहतात; शेजारच्या वसाहतीशी संघर्ष झाला की प्रथम त्याच पुढे सरसावतात. तरुण कामकरी आत, वृद्ध कामकरी सीमेवर अशी ही वाटणी मानवी सैन्याच्या अगदी उलट आहे. संदेशवहनासाठी रासायनिक द्रव्यांचा उपयोग होतो. आफ्रिकेतील जातीवर १९७५ मध्ये ब्रॅडशॉ, बेकर व हाउस यांनी केलेल्या संशोधनात असे दिसले की, धोक्याच्या संकेतात एकच द्रव्य नसून अनेक द्रव्ये असतात. लवकर उडून जाणारी द्रव्ये मुंग्यांना सावध करतात व जवळ आणतात, तर अधिक काळ टिकणारी द्रव्ये चावा घेण्यास प्रवृत्त करतात.

दोन घरटी एकाच वसाहतीची आहेत काय हे ठरविण्याची पद्धत सोपी आहे. एका घरट्यातील दोनचार कामकरी दुसऱ्या घरट्याजवळ सोडाव्यात. त्यांचा शांतपणे स्वीकार झाला तर वसाहत बहुधा एकच. पकडून ताणल्या गेल्या तर निराळी. अशी चाचणी प्रत्येक झाडाच्या जोडीसाठी करून वसाहतींचा नकाशा तयार करता येतो.

या नकाशाचे महत्त्व केवळ सैद्धांतिक नाही. चीनमध्ये जी हान याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या इ. स. ३०४ च्या ग्रंथात संत्रीच्या बागांसाठी मुंग्यांची घरटी बाजारात विकत मिळत असल्याचा उल्लेख आहे. कीटकांकरवी कीटकांचे नियंत्रण केल्याचा हा सर्वांत जुना ज्ञात दाखला समजला जातो. अलीकडे उत्तर ऑस्ट्रेलियातील काजूच्या बागांत ओंबिलीच्या साहाय्याने ढेकण्यासारख्या रसशोषक किडींचे नियंत्रण करण्याचे प्रयोग यशस्वी झाले आहेत. तेथे असे आढळले की, शेजारशेजारच्या वसाहती आपापसांत लढत राहिल्या तर झाडांचे रक्षण नीट होत नाही. म्हणून प्रथम वसाहतींच्या सीमा शोधून त्यांना एकमेकींपासून अलग ठेवावे लागते. घरटी मोजून वसाहती मोजल्याचे समाधान मानणाऱ्यास हा उपाय साधणार नाही. अर्थात ओंबील ही निर्दोष राखणदार नव्हे. तिच्या आश्रयाने खवले कीड वाढते आणि फळे काढणाऱ्यांना तिचे चावे सोसावे लागतात. नफा व तोटा दोन्ही मांडूनच तिच्याविषयी मत बनविले पाहिजे.

तिचा आणखी एक उपयोग येथे नमूद करणे उचित होईल. बस्तरमध्ये या मुंग्यांची व त्यांच्या अंड्या-अळ्यांची 'चापडा' या नावाची चटणी करतात. ओडिशातील मयूरभंज जिल्ह्याच्या 'सिमिलीपाल काई चटणी'स २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. ही मुंगी कोणत्या झाडावर, कोणत्या ऋतूत, कोणत्या अवस्थेत सापडते याचे जे ज्ञान तेथील वनवासी समाजापाशी आहे, ते अभ्यासकाने आदराने विचारून घेण्याजोगे आहे.

८. एक जाती की अनेक

भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंतच्या सर्व ओंबिली एकाच जातीच्या आहेत काय, हा प्रश्न अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. जपानी संशोधक अझुमा व त्यांचे सहकारी यांनी २००२ पासून निरनिराळ्या प्रदेशांतील मुंग्यांच्या जनुकद्रव्याची तुलना केली असता त्यांचे वेगवेगळे गट पडतात असे आढळून आले. विशेष म्हणजे बंगाल वगळता उर्वरित भारतातील मुंग्यांचा गट निराळा पडतो, तर बंगालमधील मुंग्या आग्नेय आशियातील मुंग्यांना अधिक जवळच्या ठरतात. बाह्यरूपावरून हा भेद सहज दिसत नाही. यावरून लगेच नव्या जाती स्थापाव्यात असे नव्हे. परंतु उत्तर ऑस्ट्रेलियातील वसाहतीविषयी सिद्ध झालेली प्रत्येक गोष्ट सह्याद्रीतील वसाहतीसही जशीच्या तशी लागू पडेल, असे गृहीत धरता येणार नाही. आपल्या प्रदेशातील निरीक्षणांची आवश्यकता नेमकी येथेच निर्माण होते.

९. अभ्यासकांसाठी सूचना

वरील विवेचनावरून नमुने गोळा करण्याची रीत आपोआप निश्चित होते. एका वसाहतीतून मोठ्या व लहान दोन्ही कामकरी, उपलब्ध असल्यास नर व राणी, तसेच काही अळ्या व कोश घ्यावेत. कोश उघडे आहेत की रेशमात गुंडाळलेले, ही नोंद करण्यास एक क्षण पुरतो. आकारलक्षणांच्या अभ्यासासाठी ७० ते ८० टक्के अल्कोहोल चालते. जनुकद्रव्याच्या तपासणीसाठी ९५ टक्के वा त्याहून अधिक तीव्रतेचे लागते. जिवंतपणीचा रंग जागेवरच लिहून घ्यावा, कारण अल्कोहोलात तो टिकेलच असा भरवसा नाही. टाचणीवरील नमुना कागदी त्रिकोणाच्या टोकावर, वृंत व जंभ मोकळे राहतील अशा बेताने चिकटवावा. चिठ्ठीवर स्थळ, उंची, दिनांक, झाडाचे नाव आणि घरट्याची जमिनीपासूनची उंची ही पाच कलमे असावीत.

घरट्याची नोंद मुंगीच्या नोंदीपासून वेगळी ठेवावी आणि दोहोंना एकच क्रमांक द्यावा. रिकामे घरटे पाहून आतील रहिवाशाचे नाव लिहू नये. सोडून दिलेल्या घरट्यात अन्य मुंग्या व कोळी राहावयास येतात. जिवंत घरट्यातही पाहुणे असतात. लिफायरा ब्रासोलिस या फुलपाखराची चपटी, कठीण पाठीची अळी ओंबिलीच्या घरट्यातच राहून तिच्या अळ्या खाते, आणि कवचासारख्या त्वचेमुळे मुंग्यांच्या जंभांना दाद देत नाही. घरटे तपासताना असा पाहुणा आढळला तर तो फेकून न देता स्वतंत्र कुपीत ठेवावा.

सारांश, ओंबील मुंगीची ओळख एका लक्षणाने पटत नाही. शृंगिकेचे खंड, जंभांचे दात, सखल वृंत, कामकरींचे दोन वर्ग, उघडे कोश व रेशमाने सांधलेली जिवंत पाने ही सर्व लक्षणे एकमेकांस दुजोरा देतात. जेथे ती एकत्र येतात तेथे नाव निःशंकपणे लिहावे. जेथे त्यांपैकी एखादे जुळत नाही तेथे नाव राखून ठेवून नमुना पुन्हा भिंगाखाली घ्यावा. कोकणातील मुलासही ठाऊक असलेल्या या मुंगीच्या बाबतीत एवढी दक्षता अनाठायी वाटण्याचा संभव आहे. परंतु सुपरिचित जातींविषयीच आपण सर्वांत कमी लिहून ठेवतो. आपल्या विभागाच्या संग्रहात या जातीची दोन्ही वर्गांच्या कामकरींसह, कोशांसह व घरट्याच्या नोंदीसह पूर्ण मालिका असणे, ही पुढील प्रत्येक तुलनेची पहिली अट आहे.